सेवा खंडित, बिल अखंड

गेल्या पावसाळ्यात कळंब येथे आमच्या काही कार्यकर्त्यांची बैठक झाली. तीत मी घरोघरी आलेल्या फायबरच्या इंटरनेटचा, म्हणजे दिवसातून दहा वेळा तुटणाऱ्या आणि आपोआप पुन्हा जुळणाऱ्या त्या जोडणीचा प्रश्न मांडू लागताच एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला मध्येच थांबवले. ते म्हणाले, "सर, वाड्यांवर उन्हाळ्यात पिण्याचे पाणी नाही, दळी जमिनींचे दावे पडून आहेत, आणि तुम्ही वायफायचे रडगाणे गाता? हा फार्महाऊसवाल्यांचा प्रश्न आहे. आपला नव्हे." सभेत हशा पिकला. मी त्या दिवशी गप्प बसलो, कारण त्यांच्या आयुष्यभराच्या कामाविषयी मला आदर आहे. परंतु त्यांचे म्हणणे चूक आहे, आणि चळवळीत काम करणाऱ्यांनी ती चूक करणे महागात पडणारे आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

या बैठकीच्या आठवडाभर आधीची गोष्ट. माझ्या घराची तार ज्या खांबावरून येते त्याच खांबावरून गावातील सेवा केंद्राचीही तार जाते. मी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तेथे गेलो होतो. जवळच्या वाडीवरील एक कातकरी बाई मुलाच्या जातीच्या दाखल्यासाठी सकाळपासून बसून होत्या. पावसाळ्यात वीटभट्ट्या बंद असतात, माणसे गावी असतात, म्हणून कागदपत्रांची सारी कामे याच तीन-चार महिन्यांत उरकावी लागतात. केंद्र चालवणाऱ्या मुलाने अर्ज भरत आणला, कागद जोडले, आणि नेमकी जोडणी तुटली. पाच मिनिटांनी ती परत आली तेव्हा संकेतस्थळाने त्याला बाहेर काढलेले होते. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला अडीच वाजले, आणि तो म्हणाला, "मावशी, उद्या या." त्या आदल्या दिवशीही आल्या होत्या. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीचा ठरलेला दर दिवसाला ३१२ रुपये होता. बाईंचे दोन दिवस म्हणजे ६२४ रुपये. एवढ्या रकमेत शहरातला मनुष्य महिन्याभराची जोडणी विकत घेतो. बाईंच्या घरी वायफाय नाही, स्वतःचा संगणक नाही, कंपनीच्या ग्राहकांच्या यादीत त्यांचे नाव नाही. तरीही त्या दिवशी तुटलेल्या तारेची सर्वांत मोठी किंमत त्यांनीच मोजली. फार्महाऊसवाल्याचे फार तर क्रिकेट बुडाले असेल.

शिधापत्रिकेची ओळखपडताळणी, पीकपाहणी, शिष्यवृत्ती, दाखले, निवृत्तिवेतन ही सारी कामे शासनाने जालावर नेली आणि कागदाची वाट हळूहळू बुजवली. पर्याय शिल्लक असतो तोवर एखादी सोय चैनीची असू शकते. पर्याय काढून घेतल्यावर ती पाण्यासारखीच गरज होते. माझ्या सहकाऱ्यांनी पाणी आणि तार यांना एकमेकांविरुद्ध उभे केले. पाण्याच्या योजनेचा अर्जही आज त्याच तारेतून जातो, हे ते विसरले.

आपल्या तालुक्याला तर हा धडा नव्याने शिकण्याची गरज नसावी. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. सह्याद्रीवरचे पाणी आपल्याच डोंगरांवरून खाली आले, आणि त्यातून निघालेली वीज उंच मनोऱ्यांवरून, आपल्याच शेतांवरून, मुंबईच्या गिरण्यांकडे गेली. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या झोपडीत पुढे कित्येक दशके रॉकेलची चिमणी जळत राहिली. १९४२ साली भाई कोतवाल आणि त्यांच्या आझाद दस्त्याने हेच मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी हौतात्म्य पत्करले. त्यांचा रोख ब्रिटिश सत्तेच्या युद्धयंत्रणेवर होता, हे खरेच. पण तार कोणाच्या डोक्यावरून जाते आणि कोणाच्या घरात उतरते, हा प्रश्न या भागातील माणसाला तेव्हापासून कळतो. प्रकाशाच्या तारेने तो जुनाच प्रश्न नव्या रूपात विचारला आहे.

आता माझ्या स्वतःच्या तक्रारीकडे वळतो. कंपनीचे नाव मी लिहीत नाही. सर्वच कंपन्यांची रीत थोड्याफार फरकाने हीच आहे, आणि एकाच नावावर राग काढून मोकळे होणे मला सोयीचे वाटत नाही.

तक्रार नोंदवण्यासाठी फोन केला की पलीकडून पहिले वाक्य ठरलेले असते: "मोडेम बंद करून पुन्हा चालू करा." मी ते इतक्या वेळा केले की त्या बिचाऱ्या यंत्राची मला दया येऊ लागली. या वाक्यात एक अर्थशास्त्र दडलेले आहे. दोष ग्राहकाच्या घरात आहे असे गृहीत धरायचे आणि तो तेथे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे ग्राहकावर टाकायचे. यंत्र बंद करून चालू करायला जी दोन-तीन मिनिटे जातात तेवढ्यात अधूनमधून येणारा दोष बहुधा आपोआप नाहीसा झालेला असतो. मग पलीकडचा आवाज आनंदाने विचारतो, "आता चालू आहे ना, सर?" आणि तक्रार निकालात निघते. पूर्ण बंद पडलेल्या तारेला निदान वाली असतो. पडत-उठत चालणाऱ्या तारेला कोणीच वाली नसतो.

तेव्हा मी तीस-बत्तीस वर्षे विद्यार्थ्यांना जे शिकवत आलो तेच केले: एक नोंदवही घातली. जुलै महिन्याच्या एकतीस दिवसांत जोडणी १८७ वेळा तुटली. प्रत्येक वेळी मी चार गोष्टी लिहिल्या: वेळ, पाऊसवारा, वीज होती की नाही, आणि मोडेमवरचे दिवे. या दिव्यांकडे कोणी पाहत नाही, पण सारी कहाणी तेच सांगतात. सर्वच दिवे विझले असतील तर वीज गेली किंवा विजेचा जोडडबा खराब झाला, तारेचा दोष नाही. तांबडा दिवा, ज्यावर 'एल.ओ.एस.' लिहिलेले असते, तो लुकलुकू लागला तर घरापर्यंत प्रकाशच पोचत नाही, आणि तुम्ही यंत्र शंभर वेळा बंद-चालू केले तरी फरक पडणार नाही. सर्व दिवे हिरवे असून काम होत नसेल तर दोष एक तर घरातल्या बिनतारी लहरींचा, नाही तर तारेच्या पलीकडे, कंपनीच्या केंद्रात. यांपैकी कोणता, हे ठरवायला संगणक साध्या लॅन तारेने मोडेमला जोडून पाहावा. तारेवर चालले आणि हवेत अडले, तर भिंती, अंतर किंवा मोडेमची जागा बदलून भागते. माझ्या १८७ खंडांपैकी ३१ विजेचे निघाले, १७ हिरव्या दिव्यांचे. उरलेले १३९ तांबड्या दिव्याचे होते. त्यांतले बहुतेक दुपारच्या वाऱ्याबरोबर किंवा मोठ्या सरीनंतर आले होते.

येथे थोडे तंत्र समजून घेणे भाग आहे. कंटाळा करू नये, कारण कंपनीचा अधिकारी आपल्या अज्ञानावरच जगतो. काचेचा जो तंतू आपल्या घरी येतो त्याचा प्रकाश वाहणारा गाभा केवळ नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक असतो. केंद्रातून निघालेला एकच प्रकाशझोत वाटेतल्या विभाजकात ३२ किंवा ६४ घरांना वाटला जातो. ३२ घरांत वाटला की प्रत्येकाच्या वाट्याला फार तर बत्तिसावा हिस्सा. त्यातून सांधे, वळणे, अंतर यांची गळती. मोडेमला चालण्यासाठी किमान जो प्रकाश लागतो तो सर्वसाधारणपणे उणे २७ डीबीएम, म्हणजे एका मिलिवॅटचा सुमारे पाचशेवा भाग. या मोजपट्टीवर तीन अंक खाली आले की प्रकाश निम्मा झाला असे समजावे. आता एखाद्या घराला उणे २० इतका प्रकाश मिळत असेल तर वाऱ्याने तार हलून थोडा घटला तरी काही बिघडत नाही. पण जे घर मुळातच उणे २६ वर लटकले आहे, त्याच्या तारेवर एक फांदी टेकली तरी दिवा तांबडा होतो. फांदी उचलली गेली की पुन्हा हिरवा. अधूनमधून तुटणारी तार ही बहुतांशी कडेवर ठेवलेली तार असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अवस्था परिचित आहे. दारिद्र्यरेषेच्या जरा वर असलेले कुटुंब एका आजारपणाने खाली जाते आणि सरासरीत ते कोठेच दिसत नाही.

शेजाऱ्याचा दिवा पाहणे हा दुसरा उपाय, आणि मला तो सर्वांत अधिक आवडला. माझा तांबडा झाला त्याच क्षणी शेजाऱ्याचाही झाला, तर दोष विभाजकाच्या अलीकडे, सर्वांच्या सामाईक तारेवर. माझाच झाला, तर माझ्या शेवटच्या टप्प्यावर. क्वचित असेही घडते की एखाद्या घरचे बिघडलेले मोडेम आपली पाळी नसताना सतत प्रकाश ओतत राहते आणि त्या विभाजकावरील बाकी सर्वांचे बोलणे बंद पाडते. (अशी माणसेही आपण सभांतून पाहिली आहेत.) हा दोष एकट्याने घरात बसून कधीच सापडणार नाही. चार शेजाऱ्यांनी एकाच वेळी नोंदी केल्या तरच सापडेल. आम्ही पाच घरे आणि सेवा केंद्र अशी सहा ठिकाणी नोंदवही ठेवली. त्यातून दिसले की वाऱ्याचे खंड माझ्या एकट्याचे होते. मोठ्या सरीनंतरचे मात्र सहाही ठिकाणी एकदम आलेले होते.

दुरुस्तीसाठी जो मुलगा येत असे तो विशीतला, आपल्याच तालुक्यातला, दहावीनंतर आय.टी.आय. केलेला. चार वेळा तो आला, मोडेमच्या मागची हिरवी खुंटी काढून पुसली, परत बसवली आणि गेला. खुंटीवरची धूळ हेही प्रकाश अडण्याचे एक खरे कारण आहे, त्यामुळे तो काही फसवत नव्हता. पाचव्या वेळी मी त्याला चहाला बसवून विचारले. तो कंपनीचा नोकर नाही, कंत्राटदाराच्या उपकंत्राटदाराचा माणूस आहे. पगार नाही. निकालात निघालेल्या तक्रारीमागे पैसे मिळतात. पेट्रोल त्याचेच. प्रकाश मोजण्याचे साधे यंत्र त्याच्याजवळ नव्हते आणि काचेचे तंतू सांधण्याचे यंत्र अनेक गावांत मिळून एकच. ते मिळवायचे तर दोन दिवस थांबावे लागते, आणि त्या दोन दिवसांत तक्रार उघडी राहिली तर दंड त्यालाच. आपल्यातले जे लोक 'ही पोरे कामचुकार' म्हणून मोकळे होतात त्यांनी हा हिशेब करून पाहावा. या व्यवस्थेत दोष शोधून काढणे हा त्या मुलाचा तोटा आहे. तो झाकला गेला तर त्याची रोजी सुटते.

पाचव्या वेळी त्याने मित्राकडून मोजयंत्र आणले. मोडेमपाशी उणे २६.४. मग तो खांबावर चढला. माझी तार एका लोखंडी कडीभोवती काटकोनात आवळून बांधलेली होती आणि शेजारच्या आंब्याची फांदी तिच्यावर घासत होती. काच वाकवली की वळणावर प्रकाश बाहेर गळतो, एवढे साधे कारण. त्याने तार सोडवली, वाटीएवढा मोठा वळसा देऊन बांधली, फांदी तोडली. आकडा उणे २३.१ झाला, म्हणजे प्रकाश दुपटीहून अधिक. दहा मिनिटांचे काम, ज्यासाठी मी पाच आठवडे फोन करत होतो. परंतु सरीनंतरचा सामाईक दोष त्याच्या हातचा नव्हता. रस्त्याच्या कामात यंत्राने तार तोडली होती, ती घाईने सांधून सांध्याचा डबा झुडपात लोंबता ठेवलेला आहे आणि त्यात पाणी शिरते. "वरून मंजुरी पाहिजे," तो म्हणाला. ती मंजुरी आजही आलेली नाही.

का येत नाही? डबा बदलण्याचा खर्च कंपनीच्या वहीत जमा होतो. न बदलण्याचा खर्च त्या कातकरी बाईंच्या बुडालेल्या रोजात, सेवा केंद्राच्या मुलाच्या गेलेल्या दुपारीत विखुरला जातो आणि कोणत्याही वहीत दिसत नाही. पुस्तकात याला बाह्य खर्च म्हणतात. बाह्य खर्चाला आळा घालायचा तो नियमाने, म्हणून नियामक नेमायचा. आपल्याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरण १९९७ पासून आहे. त्याने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे विनियम काढले, ते १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले. त्यांत घरच्या तारेचा बिघाड तीन दिवसांहून अधिक राहिला तर ग्राहकाला भरपाई आहे. एखाद्या जिल्ह्यात सेवा चोवीस तासांहून अधिक बंद पडली तरी आहे. या तरतुदी चांगल्याच आहेत. आता माझी नोंदवही यांच्या शेजारी ठेवा. १८७ खंड, सरासरी सहा मिनिटांचे, एकूण सुमारे १९ तास. महिन्याच्या ७४४ तासांत सेवा साडेसत्त्याण्णव टक्के चालू होती असे कोणीही प्रामाणिकपणे लिहू शकेल. एकही खंड तीन दिवसांचा नाही, तीन तासांचासुद्धा नाही. दर सहा मिनिटांनी घड्याळ पुन्हा शून्यावर येते. आणि बंद पडलेल्या सेवेचे माप जिल्हा हे असेल, तर कळंबचा झुडपातला डबा त्या मापात कसा मावणार? पनवेल चालू असले की रायगड चालू आहे. माप घेणाराच मापाच्या आकाराने माणसे वगळतो, हे दारिद्र्याच्या आकडेवारीत आपण पाहिले. येथेही तेच आहे.

शिवाय हे प्राधिकरण व्यक्तीची तक्रार घेतच नाही. कंपनीचे तक्रार केंद्र, मग कंपनीचेच अपील अधिकारी, असा रस्ता आहे. ग्राहक न्यायालयाचे दार २००९ च्या एका निकालानंतर बंद झाल्यासारखे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते दूरसंचार ग्राहकासाठी उघडे असल्याचे स्पष्ट केले. ही गोष्ट आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

यावर उदारीकरणाचे पुरस्कर्ते सांगतील की स्पर्धा होऊ द्या, दुसरी कंपनी घ्या. आमच्या खांबावर आज तीन कंपन्यांच्या तारा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. स्पर्धेने एकाच्या जागी तीन तारा दिल्या, पण तिन्ही तारांचा सांधणारा तोच एक मुलगा आहे, आणि रस्ता खणणारे यंत्र तिन्ही एकदमच तोडते. बेफाम खोदाईने पुरलेल्या तारांचे देशात वर्षाला सुमारे ३००० कोटी रुपयांचे नुकसान होते, असे खुद्द केंद्र सरकारनेच मार्च २०२३ मध्ये, खोदण्यापूर्वी कळवण्याचे ॲप सुरू करताना सांगितले. विरळ वस्तीत तारेचे जाळे हे स्वभावतःच एकाधिकाराचे क्षेत्र आहे. तीन निकृष्ट जाळ्यांपेक्षा एक धड जाळे स्वस्त पडते, ही गोष्ट समाजवाद्यांनीच सांगितली असे नाही.

मात्र सार्वजनिक म्हटले की सर्व ठीक, अशी समजूतही आपण सोडली पाहिजे. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहिलेली माझी पिढी आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्राने अडीच लाख ग्रामपंचायतींना काचतंतूने जोडण्याचा निर्णय केला, २०१५ मध्ये त्याचे 'भारतनेट' असे नामकरण झाले, मुदती एकामागून एक उलटल्या. त्यातली एक चूक आमच्या डब्याइतकीच साधी होती: तालुक्यापासून गावापर्यंत एकच सरळ तार. मध्ये कोठेही तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमाला मंजुरी मिळाली, तेव्हा कोठे वर्तुळाकार रचना ठरली, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने प्रकाश येईल. बारा वर्षे लागली. आणि मधल्याच काळात, जानेवारी २०२० अखेर, भारत संचार निगमातून सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या एकाच योजनेत घरी गेले, म्हणजे निम्म्याच्या आसपास. खांब कोठे आहे, कोणत्या ओढ्याला पूर आला की कोणता सांधा भिजतो, हे जाणणारी माणसे त्यांच्याबरोबर गेली. जाळे विणायला पैसा मंजूर होतो. राखायला माणूस मंजूर होत नाही. उद्घाटनाची फीत तारेला बांधता येते, डबा बदलण्याला बांधता येत नाही, हे त्याचे कारण असावे.

केरळने जून २०२३ मध्ये वीज मंडळाच्या खांबांवरून स्वतःचे जाळे सुरू केले. गरीब कुटुंबांना मोफत जोडणी हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्याची चाल घोषणेच्या मानाने मंद आहे, पण मालकी कोणाची आणि प्राधान्य कोणाला, हे निदान तेथे विधानसभेत विचारता येते. आपल्याकडे ग्रामसभेतसुद्धा कोणी विचारलेले नाही. खांब गावात, रस्ता गावाचा, खोदाई गावात. परवानगी देताना ग्रामपंचायतीने सांध्याचा डबा जमिनीपासून किती उंचीवर हवा, तुटलेली तार किती दिवसांत पक्की सांधावी, याची अट घातली होती काय?

सहा नोंदवह्यांच्या नकला जोडून आम्ही ग्रामपंचायतीकडे माहिती अधिकारात अर्ज केला आहे. तीन गोष्टी मागितल्या आहेत: तारा टाकण्यासाठी दिलेल्या परवानग्यांच्या प्रती, त्यांतील अटी, आणि भारतनेटची तार पंचायत कार्यालयात पोचली असल्यास ती गेल्या वर्षात किती दिवस चालू होती त्याची नोंद. शेजारच्या तीन गावांतील कार्यकर्त्यांनी हाच अर्ज द्यावा. मसुदा माझ्याकडे आहे. ज्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला बैठकीत थांबवले त्यांनाही एक नोंदवही पाठवली आहे. त्यांच्या वाडीवरच्या आश्रमशाळेत दिवा कधी तांबडा होतो ते तेथील मुलेच लिहू शकतील. आमच्या वहीत काल दुपारी सव्वाबारा ते बारा वाजून एकवीस मिनिटे अशी नोंद पडली आहे, पाऊस जोराचा, वीज होती, दिवा तांबडा, सहाही ठिकाणी.